उलट्या हाताची गिटार

बाबा, डाव्या हाताला काय येतं आणि काय येत नाय, यावरून तुझं-माझं भांडण अर्धवट राहिलं. तू मधेच मेलास. मेला म्हणून माणूस जिंकला असं होत नाय, म्हणून आज लिहायला बसले. चौथीतून मला तूच काढलीस, तेव्हा अक्षराची तक्रार करायची नाय. काना-वेलांटी जिथं राहिली असेल तिथं तुझी तू लावून घे. घरात आत्ता कोण नाय. सून शाळेत पोरांची खिचडी शिजवायला गेलीय, नात कॉलेजात, आणि माझा लेक मुरबाडच्या रस्त्याला एका फार्महाऊसच्या गेटवर बसलेला असतो, तिथं गेलाय. अंग दुखतंय, पण हल्ली अंग दुखत नाय असा दिवस शोधत बसले तर लिहिणं व्हायचंच नाय.

वैशाखरे गावाच्या अलीकडे, घाटाच्या रस्त्याला लागून तुझी ती पडवी. घाट उतरून आलेल्या बैलगाड्या, कोणाच्या चाकाची धाव सुटलेली, कोणाचा आरा मोडलेला. मधेच भजनाच्या मंडळींची वीणा नाय तर फुटक्या खोडाचा पखवाज. भाऊ मोठ्या करवतीला तुझ्यासमोर बसायचा आणि मी सरसाच्या भांड्याला. सरस शिजवणं पोरीचं काम, कारण ते चुलीवरचं. लाकूड चिकटवायचा, जनावराच्या हाडा-कातड्याचा तो सरस, त्याचा वास असा की आई नाकाला पदर लावून तुझ्या सात पिढ्यांना बोलवायची. "जेवणाच्या चुलीवर मढं शिजवताय," म्हणायची. सरसाला उकळी येऊ द्यायची नाय, पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून नुसता ऊन ठेवायचा, बोटावर घेऊन तार बघायची, हे तू मला शिकवलं नायस. मी बघून शिकले. तू शिकवलंस ते एकच.

भाऊ तापाने पडलेला होता. शिवणीच्या लाकडाची एक फळी रंधायची राहिलेली. तू मुरबाडच्या बाजाराला गेलेलास म्हणून मी रंधा घेतला. माझ्या हातात तो डाव्या बाजूनेच आला, देवाने तसाच दिला होता हात. पातळ सालं निघत होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि मला वाटत होतं बाबा येऊन फळीवरून हात फिरवेल. तू आलास. फळीकडं बघितलंसच नाय. लाकडी हातोड्याचा दांडा माझ्या डाव्या मनगटावर बसला आणि तू म्हणालास, "डावा हात धुवायला असतो, धंद्याला नाय." मग कितीतरी दिवस तो हात परकराच्या नाडीला बांधलेला. जेवायला उजवा, कोयत्याला उजवा, पाटीवर लिहायला उजवा. सांडलं की मार, वाकडं आलं की मार. हात बदलला. हात बदलतो, बाबा, हे खरं. झाडू मात्र अजून डाव्यात घेते, कोण बघत नसलं की.

लग्नात तू मला पोळपाट दिलास. शिसवीचा, एकाच ठोकळ्यातून कोरलेला, तीन पायांचा. आमच्यात रोजची भाकरी तांदळाची, ती काथवटीत थापायची. पोळपाट निघणार तो होळीच्या पुरणपोळीला, वर्षातून एकदा. तुला ते माहीत होतं, तरी दिलास. पटाशा, करवती, रंधे सगळे भावाला गेले. त्याने ते दारूत घातले ते तू बघायला राहिला नायस, सुटलास.

तुझा जावई भातसानगरला धरणाच्या दारांना ग्रीस लावायच्या कामाला होता हे तुला माहीत असेल, नसलं तर आता माहीत झालं. तोही आता तुझ्याकडंच हाय. तिथल्या वसाहतीत एक कारकून होता, मुंबईचा, जवानीत कुठल्या ऑर्केस्ट्रात वाजवलेला. लोकांच्या घरात बायका ओरडतात, त्याच्या घरात गिटार ओरडायची. माझा लेक तेव्हा मिसरूड फुटलेला, शाळेला रामराम ठोकलेला, तो त्या कारकुनाच्या पायरीवर जाऊन बसायचा. मग कारकुनाची बदली झाली. सामान ट्रकात मावेना. तो माझ्या लेकाला म्हणाला, "बायको म्हणते, एक तर ही न्या नाहीतर मला." आणि गिटार लेकाच्या हातात दिली, बायकोला ट्रकात बसवलं. लेक पुढं बरेच दिवस म्हणायचा, साहेबाने चुकीची वस्तू नेली.

तू असली वस्तू बघितली नसशील. चार तारा, पण जाड, तागाच्या सुतळीएवढ्या. पोट सारंगीसारखं कमरेत चेपलेलं, डावं-उजवं एकसारखं, आणि आतून पोकळ. पातळ फळीला फळी चिकटवून, वाफेवर वाकवून केलेलं काम. वर दोन वळणदार फटी, मानेवर पितळेचे पडदे, पाठीला पत्र्याच्या पट्टीवर जपानचं नाव. पोटावर लोहचुंबकाच्या दोन पेट्या, त्यातून वायर निघते ती मशीनला, मशीन कर्ण्यांना. बेस गिटार म्हणतात तिला, सगळ्यात खालचा आवाज तिचा. कारकून म्हणायचा ती त्याच्याही आधीची, जुनी. तू असतास तर पयलं बोटाच्या गाठीने ठोकून बघितली असतीस आणि मग विचारलं असतंस, ही कशाची.

लेक बेंजो पार्टीत लागला. हळदी, गणपती, नवरात्र, शहापूर ते मुरबाड एक गाव सोडलं नाय. बेंजोवाला पुढं उभा, पोरं त्याच्या पायावर पडायची बाकी. बेसवाला मागे, अंधारात, त्याला कोण विचारत नाय. पण तो मधेच थांबला की नाचणाऱ्यांचे पाय थांबतात, आणि का थांबले ते त्यांना कळत नाय. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. एक खोड होती तिला. कर्ण्यांच्या भिंतीपुढं उभं राहिलं की तो सगळा आवाज तिच्या पोकळ पोटात शिरायचा आणि ती आपली आपणच हंबरायची, माजावर आलेल्या म्हशीसारखी. लेकाने माझी गोधडी फाडून चिंध्या त्या फटींतून आत कोंबल्या. हंबरणं कमी झालं आणि आवाजही निम्मा मेला. मी म्हटलं, "तोंडात बोळा घातल्यावर कोण गाणार?" तर म्हणे, "आये, तुझ्या तोंडात घालून बघायला पायजे एकदा." असा बोलायचा तो तेव्हा.

मग मुरबाडला कारखान्यात लागला, पत्रा दाबायच्या मशीनवर. लग्न झालं, पोरगी झाली, पार्टी रविवारपुरती. आणि एके दिवशी मशीनने डाव्या हाताची दोन बोटं घेतली, मधलं आणि त्याच्या शेजारचं. तारा दाबायची तीच बोटं. मी लई काय सांगत नाय, तू सुतार, तुझ्या पडवीतही बोटं गेलेली माणसं यायची. हात बरा झाला आणि माणूस बसला. ओट्यावर बसायचा. विचारलं तर हो, नाय तर नाय. जेव म्हटलं की जेवायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. पुढं गेटवर राखणदार म्हणून लागला, तिथंही बसायचंच काम, आणि मला वाटलं आता बरं, निदान बसायचे पैसे मिळतात. पण घर गप झालं, बाबा. गप घर तुला नाय कळायचं, तू घरभर ओरडायचास. सून तोंडाची माझ्यासारखी, तीपण हळूहळू गप होत गेली. वर्षं गेली अशी. एक दिवस भांडी घासता घासता, वर न बघता मला म्हणाली, "आत्या, मेलेल्या माणसाचं निदान तेरावं करता येतं. ह्याचं काय करू?"

मी म्हटलं, "म्हंजे काय करायचं ठरवलंयस?"

"पोरीला घेऊन माहेरी जाते. तिकडं दोन भावजया हायत, निदान कोण भांडेल तरी माझ्याशी."

तिच्या जागी मी असते तर आधीच गेले असते. मी एवढंच म्हटलं, "भात कापून होईतोवर थांब. कापणीला माणूस मिळत नाय." ती थांबली. तिला कळलं मी कशासाठी म्हटलं ते, पण ती थांबली.

त्याच दिवसांत मी माळा झाडायला घेतला. गिटार तिथंच होती, चुलीच्या बरोब्बर वर, त्याची बोटं गेल्यावर माझ्याच हाताने टांगलेली. कारण तू सांगायचास, नवं सूप, टोपली, इरलं, जे टिकवायचं ते धुराला लाव, धुराचं लाकूड किडीला कडू लागतं. सुपं टिकली. गिटार नाय टिकली. तुझं शास्त्र बांबूचं. सरसाला आच लागली की तो सुटतो हे मला तुझ्याइतकंच माहीत होतं, मीच शिजवलेला तो. पण एक गोष्ट तू सांगितलेली आणि दुसरी मी नुसती बघितलेली, म्हणून तुझी वरचढ झाली. चूक तुझी, हात माझा. खाली काढली तर पाठ अंगापासून सुटून लोंबत होती, काजळीचा थर, आणि आतल्या चिंध्यांत उंदरांची बाळंतपणं. तारा ज्या लाकडी पुलावरून जातात ती घोडी तर कुठं पडली कोणास ठाऊक.

लेक ओट्यावर होता. त्याने बघितलं आणि म्हणाला, "चुलीत घाल, आये. लाकूडच हाय."

कितीतरी दिवसांत एका दमात एवढं बोलला नव्हता. आणि बोलला ते हे. माझ्या टाळक्यात गेलं. "चुलीत घालायचं तर आधी तुला घालीन," मी म्हटलं. "लाकूड हाय म्हणूनच नीट करणार." खरं सांगू तर तेव्हा मला त्याच्यासाठी काय करायचं नव्हतं. मला राग आलेला होता, आणि रागाला हातात काहीतरी लागतं.

शहापूरला हार्डवेअरच्या दुकानात गेले. पोरगेला दुकानदार होता. म्हणाला, "आजी, सरस कोण मागतं आता? हा पांढरा डिंक घ्या, दगडाला दगड चिकटतो."

"मला दगड चिकटवायचा नाय. चिकटला पायजे आणि वेळ आली तर सुटला पायजे."

"सुटायला पायजे तर चिकटवता कशाला?"

"तुझं लगीन झालंय?"

"नाय अजून."

"मग नाय कळायचं तुला. मागे बघ, असेल पोत्यात."

होता. तपकिरी वड्या, वास तोच. सुनेने नाकाला पदर लावला तेव्हा मला आई दिसली, पण मी तसं काय बोलले नाय, सुनेला आधीच कमी वैताग नव्हता.

पाठ लावायच्या आधी मी आत बघितलं. वरचं पोट नुसतं अधांतरी. घराला जशी मधली मेढ असते, छपराचा भार खाली उतरवणारी, तसं हिला काही नव्हतं. हंबरणार नाय तर काय करेल. चिंध्या कोंबून काय होतंय, आत एक ठोकळा उभा करायला पायजे, वरचं पोट आणि पाठ दोन्ही धरून ठेवेल असा. त्याला लाकूड पायजे सुकलेलं, वर्षानुवर्षं हललेलं नाय असं. घरात तसलं एकच होतं. मी पोळपाट काढला.

सून म्हणाली, "आत्या, बापाची निशाणी ना ती?"

"बाप काय होळीला पुरणपोळी खायला येणार हाय?"

"आणि आली होळी म्हंजे?"

"ताटावर लाट. पोट भरायचंय, पोळपाट नाय चावायचा."

शिसव, बाबा, तू कशी कोरलीस? दगड परवडला. माझ्याकडं लोखंड कापायची पत्तीची करवत, दुसरं काय नाय. उजवा हात खांद्यापासून दुखायला लागला, म्हणून करवत डाव्यात घेतली. आणि रेघ सरळ गेली. इतक्या वर्षांत झाडूशिवाय काय धरलेलं नाय त्या हाताने, पण रेघ अशी गेली की मी थांबून बघितलं. उजव्याची कधी गेली नाय तशी. हे तुला सांगायचं होतं. एवढ्यासाठीच लिहायला बसले असं म्हटलंस तरी चालेल. त्या पोळपाटातून मी आतली मेढ केली, वरची घोडी केली, आणि उरलं ते ठेवून दिलं. सरस लावला, पाठ बसवली, आणि तुझ्यासारखी सुंभ नि पाचर न वापरता सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून करकचून आवळली. सुंभापेक्षा ट्यूब बरी. तुझ्या वेळी गावात सायकल नव्हती, म्हणून तुला माफ.

ती तशी आवळलेली कोपऱ्यात सुकत होती तेव्हा मला कळलं, की हे सगळं मी कोणासाठी करतेय. वाजवणार कोण? ज्याचा हात तारा दाबायचा त्या हातात बोटं नायत. मी बसले तशीच. माझ्या हातात ती करवत, डाव्या हातात. आणि तुझा तो दांडा आठवला, नाडीला बांधलेलं मनगट आठवलं. तू मारून मारून माझा हात बदललास ना? म्हणजे बदलतो. मग याचा का नाय बदलायचा? उजव्याने तारा दाबायच्या, डाव्याचा अंगठा आणि उरलेली बोटं वाजवायला पुरेत. पोट दोन्हीकडून सारखं, उलटी धरली तरी मांडीवर तशीच बसते.

लेकाला सांगितलं. म्हणाला, "उलट्या हाताने नाय जमत, आये."

"मला जमलं."

"तू लहान होतीस."

"मी मार खात होते. तुला या वयात मारू काय?"

तो उठून गेला. मी कामाला लागले.

गिटार उलटी धरली की जाड तार खाली जाते. ती वरच पायजे. म्हणून मानेच्या टोकाला तारा बसायची जी खाचांची पट्टी असते ती नवी लागणार, जाड खाच जिथं होती तिथं बारीक आणि बारीक होती तिथं जाड. म्हशीच्या शिंगाचा तुकडा घेतला, घासला, जुनी पट्टी समोर ठेवून खाचा पाडल्या. सगळं झाल्यावर बघते तर हुबेहूब जुनीसारखी. डोळा जुनीवर, हात त्याच्या मागे, उलटं करायचं तेच राहून गेलं. पुन्हा शिंग आणायला लागलं, आणि म्हैस काय रोज मरत नाय. मानेचं पण सांगते. धुराच्या आचेने ती एका अंगाला पिळली होती. ओल्या फडक्याची वाफ दिली, दगड ठेवले, रात्रंदिवस दाबून ठेवली. नाय सुधारली. एका पडद्यावर जाड तार अजून खरखरते. तुला जमलं असतं असं मी म्हणणार नाय, तू पण सगळी चाकं गोल करू शकला नव्हतास.

वायरींचं मला काय कळत नाय. उंदरांनी खाल्लेल्या होत्या. शहापूरला टीव्ही दुरुस्त करणारा हाय त्याच्याकडं नेली. त्याने फटीतून दोरा सोडून सोडून नव्या वायरी ओढल्या आणि तोंडाने जे काय म्हणत होता ते मी इथं लिहीत नाय. मग म्हणाला, "आजी, उलटी धरली की आवाजाची बटणं वर येतात. वाजवताना मनगट लागून आवाज खालीवर होईल. खालच्या अंगाला नवी भोकं पाडू?" तुझा नियम होता, वाजणाऱ्या वस्तूच्या पोटाला लोखंड लावायचं नाय. वीणेचं एक भोक तू कोणाला वाढवू दिलं नव्हतंस. मी म्हटलं, "पाड." जुन्या भोकांत पोळपाटाच्या लाकडाच्या गोट्या करून बसवल्या. आता तिच्या पोटावर दोन काळे ठिपके हायत, दंडावर देवी काढल्याच्या खुणा असतात तसे. कारकून बघेल तर रडेल. रडू दे, त्याने बायको निवडली.

आणून ओट्यावर ठेवली, त्याच्या बसायच्या जागेशेजारी. त्याने हात लावला नाय. भात पोटरीला आलं. त्याने हात लावला नाय. सून कपड्यांच्या घड्या घालायला लागली की मी तिथून उठून जायची, मला बघवायचं नाय. लोंब्या भरल्या, कुठंकुठं पिवळेपणा यायला लागला. आणि एका दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते, तर मागून एक आवाज आला, जाड, एकच. मग बराच वेळ काय नाय. मग खरखर.

"आये, तुझी मान वाकडी हाय."

"माझी नाय, तुझ्या गिटारीची."

"आणि घोडी उंच केलीस. दाबताना बोटं मोडतायत."

"हायत ना अजून मोडायला?"

बोलून गेले. जीभ हीच अशी, तुझीच दिलेली. सून दारात तांब्या घेऊन उभी, तिनेपण ऐकलं. मी सूप तसंच धरून बसले. लेकाने माझ्याकडं बघितलं, मग त्या हाताकडं बघितलं, आणि हसला. आधी नाकातून, मग सगळाच. "हायत," म्हणाला, "आठ हायत. खाली कर ती घोडी." हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते वेगळं, त्यावर मी काय लिहीत नाय. मी घोडी काढून घासायला बसले. सून आत गेली आणि आतून आदळआपट सुरू झाली, पातेली, झाकणं, सगळं. किती दिवसांनी.

त्याचं शिकणं म्हणजे दातदुखी होती. शिकलेला माणूस पुन्हा शिकतो तेव्हा त्याला आपलं चुकलेलं ऐकू येतं, हे वाईट. शिव्या द्यायचा, गिटार ठेवायचा, पुन्हा घ्यायचा. माझ्या कामात रोज नवी खोट. मेढ डावीकडं सरकलीय, खाच खोल झालीय, सरसाचा वास येतो. सून म्हणायची, "आत्या, गप होता तेच बरं होतं," आणि मी म्हणायची, "मग जा माहेरी." भात कापून झालं. ती गेली भाऊबीजेला, पोरीला घेऊन. मी चार दिवस दाराकडं बघितलं नाय असं नाय. परत आली ती पिशवी खाली ठेवायच्या आधी नवऱ्याशी भांडायला लागली, मशीनची वायर रस्त्यात टाकलीय म्हणून. मी आत जाऊन चहा टाकला.

पुढचं तुला वाटत असेल की तो पुन्हा पार्टीत गेला. गेला एकदा. जवळच्याच गावात हळद होती, जुनी पार्टी, बेंजोवाला तोच, केस रंगवलेला. गिटार खांद्याला लावून गेला आणि जेवणाच्या आधीच परत आला. मी विचारलं नाय. त्यानेच सांगितलं, पाय धुता धुता. "बेस आता कीबोर्डमधूनच येतो, आये. एक पोरगा डाव्या हाताने दाबतो, झालं. मला म्हणाला, काका, तुमी बसा ना खुर्चीवर." पाय पुसून ओट्यावर जाऊन बसला. मला वाटलं, आलं परत, ओटा आणि गप. मग म्हणाला, "पण पोरगा ठेक्याला मागं पडतो. ऐकू येतं मला." आणि आत जाऊन जेवला, आणि भाजीत मीठ नाय म्हणून बोलला.

तर एवढंच झालं. काय मोठं झालं नाय. गेटवरची पाळी संपली की दुपारी येतो, जेवतो, आणि तासभर वाजवतो, कोणासाठी नाय. बाजूचे म्हणतात, काय ते धुम धुम. मी पण तेच म्हणते. सून कामावरून आली की दोघं भांडतात, नात मधे पडते, घर पुन्हा घरासारखं घाण झालंय. मी दमलेय, बाबा. तो बोलत नव्हता तेवढी वर्षं मी एक कान त्याच्याकडं लावून जगले, भात शिजताना, शेतात, निजताना. त्याचा श्वास मोजायची. आता तो कान काढून ठेवायला मिळालाय तर दुखतो.

हे पत्र पाठवायचं म्हटलं तरी कुठं, तुझ्या गावचा पोस्टमन पण मेला. आणि तुला वाचता कुठं यायचं, काना-वेलांटी तू काय लावणार. नात येईल तेव्हा तिच्या वहीची पानं फाडली म्हणून ओरडेल, तेवढंच उत्तर मला पुरे.

एक मात्र तुझ्याजवळ सांगते, बाकी कोणाला नाय. तो वाजवायला बसला की मी भिंतीला टेकून डोळे मिटते. त्याला वाटतं आई मन लावून ऐकते. वाजवून झालं की विचारतो, शेवट कसा झाला? मी म्हणते, घाई केलीस जरा. तो म्हणतो, हो, मला पण वाटलं. बाबा, पयल्या दोन-चार ठोक्यांतच मला झोप लागते. अशी लागते की कोणी उचलून नेलं तरी कळायचं नाय. शेवट मी अजून एकदाही ऐकला नाय.